दोन दिवसांचं ऊन

मी आठवीत शाळा सोडली. त्यामुळे खडकीला छोटी सोलर पॅनेलं जोडायच्या कामाला लागले, तेव्हा आकडेमोडीची धास्तीच होती. मालकांना सगळे चाचा म्हणायचे. त्यांनीच पुठ्ठ्यावर लिहून शिकवलं. बारा व्होल्टची, सात अँपिअर-तासांची बॅटरी. बारा सत्ते चौऱ्याऐंशी वॉट-तास. दहा वॉटचं पॅनेल, म्हणजे बॅटरी भरायला साडेआठ तास.

"हे पुठ्ठ्यावर," चाचा म्हणाले. "प्रत्यक्षात दीडपट धर. आणि दिवसात चांगलं ऊन पाचच तास. म्हणजे अडीच दिवस."

"हे पुण्याचं ऊन, चाचा. आमच्या चंद्रपूरकडे दोन दिवस बस."

"तुम्ही लोक उन्हाचाही अभिमान बाळगता?"

तसाच एक संच त्यांनी मला घरी न्यायला दिला. माय शेतातल्या घरात एकटी. तिथवर वीज नव्हती, फोन चार्ज करायला ती गावात चालत जायची. वैशाखात मी गेले, अंगणात पॅनेल ठेवलं, बजावलं, "बॅटरी भरून हिरवा दिवा लागला की मगच फोन लाव चार्जिंगला. दोन दिवसांत लागेल." आणि पुण्याला परतले.

दोन दिवस झाले, तीन झाले, चार झाले. तिचा फोन बंद. पडली असेल, काही चावलं असेल, नाही नाही ते मनात यायचं. माझ्या हातून तारा उलट्या जोडल्या जायच्या. चाचा ओरडले नाहीत. सोडवून पुन्हा माझ्यापुढे ठेवायचे.

पाचव्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला.

"माय, काहून नाही केला फोन?"

"दिवाच नाही लागला ना, बाई. आत्ता लागला."

"उन्हात ठेवत होतीस ना?"

"हाव. दहा वाजेपर्यंत. मग लय तापे ते, म्हून घरात घ्यायची. चार वाजता पुन्हा बाहेर."

आमच्याकडे वैशाखातल्या दुपारी माणसं, कोंबड्या, सगळं सावलीत. तिने पॅनेललाही घरातलंच धरलं होतं. मी हसता हसता रडायला लागले.

चाचांना सांगितलं, तर ते गंभीरपणे म्हणाले, "अगदीच चूक नाही तिचं. फार तापलं की पॅनेल थोडं कमीच देतं. तुझ्यापेक्षा तिला जास्त कळतं."

आता चाचा कामावर येत नाहीत, मायच्या घरी वीज आली आहे. गिऱ्हाईक अजून विचारतं, किती वेळ लागेल? मी पुठ्ठ्यावर मांडून दाखवते, आणि मग विचारते, "दुपारी घरी कोण असतं?"