भित्र्या बाईंचा पाट

आमच्या बाई भित्र्या होत्या, आणि ते त्या लपवत नसत. पालीला भीत, विहिरीला भीत, तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या गाडीला भीत. मोटारसायकलवर तर कधीच बसायच्या नाहीत. रिक्षा मिळाली नाही तर फाट्यापासून शाळेपर्यंत चालत यायच्या. सारंगखेड्याजवळच्या आमच्या गावात पोरांनी आठवड्याच्या आत त्यांचं नाव 'भित्र्या बाई' ठेवलं. बाईंना ते कळलं तेव्हा म्हणाल्या, "खरंच आहे की. पण मी भिते ते सांगून मोकळी होते. तुमचं काय?"

शनिवारचे शेवटचे दोन तास त्यांनी याच प्रश्नाला दिले होते. वेळापत्रकात त्याला कार्यानुभव म्हणत, आणि इतर वर्गांत कार्यानुभव म्हणजे कागदाची फुलं. आमच्याकडे बाई खडू घेऊन विचारायच्या, "या आठवड्यात कशाची भीती वाटली?" फळ्यावर यादी व्हायची. त्यातली एक भीती निवडायची आणि तिच्यावर काहीतरी करून आणायचं. पुठ्ठा, तार, केळीच्या खोडाची सोपटं, जे हाताला येईल ते. पहिलं केलेलं बहुधा फसायचं. बाकी कशानेही घाबरणाऱ्या बाई फसण्याला मात्र अजिबात भीत नसत.

सातवीत असताना एका शनिवारी मी उभी राहिले. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, केळीला पाणी द्यायला मोटर लावत तेव्हा स्टार्टरच्या पेटीला हात लागताच त्यांना झटका बसे. "जरासं चरचरस," असं म्हणून ते हसत. मी मात्र वर्गात बसल्या बसल्या आबा आता मोटर लावत असतील का, याचा हिशोब करत राहायचे. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगता सांगता रडले. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "आता मलाही भीती वाटायला लागली," त्या म्हणाल्या. "चला, आपण दोघी झालो."

आधी नुसतं बघायचं, उपायाचं नावही काढायचं नाही, हा बाईंचा नियम. आमचा पाच जणांचा गट आठवडाभर वही घेऊन बांधावर बसला. आबा पेटीपाशी यायचे, चपला काढायचे, मग बटण दाबायचे. पेटीच्या झाकणाला आतून देवीचा फोटो लावलेला होता. दसऱ्याला तिची पूजा व्हायची. देवीच्या मानापायी आबा ओल्या मातीत अनवाणी उभे राहून झटके खात होते. मी हे रोज पाहत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

आम्ही पाटी लावली, 'चप्पल घाला'. आबा म्हणाले, "देवीनामोरे चप्पल घालीसन उभा ऱ्हाऊ का?" फोटो पेटीजवळच्या निंबाच्या झाडाला लावू म्हटलं तर आई रागावली. दोन्ही उपाय फसल्यावर बाईंनी विचारलं, "घरी पूजेला आबा कशावर बसतात?" 'पाटावर' म्हणता म्हणता मी थांबले. मग आम्ही जाड लाकडाचा पाट केला आणि खाली टायरचं रबर सुतळीने बांधलं. खिळे बाईंनी मारू दिले नाहीत, लोखंडालाही त्या भीत. पाटावर मी कुंकवाची बोटं ओढली. आबा निमूट त्यावर उभे राहिले. झटका बसला नाही.

हिवाळ्यात मुख्याध्यापकांनी तो पाट शहाद्याच्या विज्ञान प्रदर्शनात मांडायला सांगितला. सकाळी मी तो शेतातून उचलून आणला, घरी कोणाला न सांगता. टेबलाभोवती गर्दी झाली, शाबासकी मिळाली, आम्ही मिरवून घेतलं. बाई पाटाकडे बघत राहिल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "हा इथे आहे. मग आबा कशावर उभे आहेत?"

मी बाईंच्या मोबाइलवरून आबांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. बाईंनी पाट काखेत मारला, गणिताच्या सरांना मोटारसायकल काढायला लावली, मला मध्ये बसवलं आणि स्वतः मागे बसल्या. एका हातात पाट, दुसऱ्या हाताने माझा खांदा गच्च धरलेला. "सर, जोरात," एवढंच त्या म्हणत होत्या. रस्ताभर उसाच्या बैलगाड्या. एकेक गाडी मागे टाकताना मला पेटीपाशी पडलेले आबा दिसत होते. शेत जवळ आलं तरी मोटरचा आवाज येत नव्हता. मला उतरायचंच नव्हतं.

आबा निंबाखाली बसले होते. मोबाइल घरी राहिला होता. "पाट तं तूच लई गई," ते मला म्हणाले. "मंग मोटर कशी लावू? सकायपाईन बठेल शे."

बाई बांधावरच बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. "दाखवायला दुसरा करायला हवा होता," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "वापरातली वस्तू हलवायची नसते. मला हे सुचायला हवं होतं." दुसऱ्या दिवशी त्यांनी वायरमनला गाठून पेटीचं अर्थिंग नीट करून घेतलं. तरीही पाट काढू दिला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली डोंगरातल्या शाळेत झाली. "तिकडे जीपला लोंबकळत जावं लागतं म्हणे," बाई भेदरून म्हणाल्या, आणि गेल्या.

आता मी तळोद्याजवळ शिकवते. शनिवारी तोच प्रश्न विचारते. नव्या वर्गात सुरुवात माझ्याच भीतीने करते. आबांनी फोन उचलला नाही की मी अजून त्या मोटारसायकलवर असते, आणि बाईंनी माझा खांदा गच्च धरलेला असतो.