आईचे तीन बाप्तिस्मे

माझ्या आईचा बाप्तिस्मा तीनदा झाला. पहिला तांब्यातल्या पाण्याने, दुसरा आणि तिसरा भातसा नदीत. दुसऱ्या वेळची नदी शहापूरच्या बाजूची, तिसऱ्या वेळची वाशिंदच्या बाजूची, एवढाच काय तो फरक. वरचं पाणीच खाली येतं, असं आईने मला सांगून पाहिलं होतं. मी तिच्यापुढे शास्त्र उघडून धरलं. तिला अक्षरओळख नव्हती, हे मला ठाऊक होतं, तरी धरलं.

आमचं घर मुरबाड तालुक्यात, म्हसा गावाच्या पुढे डोंगराला लागून असलेल्या पाड्यावर. वडील दोन वर्षं छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले होते, तेव्हा मुरबाडहून एक म्हातारे पाळक सायकलवरून यायचे. औषध आणून द्यायचे, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे आणि चहा घेऊन जायचे. वडील बरे झाले. औषधाने झाले की प्रार्थनेने, यावर आमच्या घरात कधी वाद झाला नाही. वाद घालणारा मी होतो आणि मी तेव्हा सहावीत होतो.

मग एका सकाळी पाळकांनी आम्हा चौघांना अंगणात उभं केलं आणि आमच्याच पितळी तांब्यातून ओंजळभर पाणी एकेकाच्या डोक्यावर शिंपडलं. आई, वडील, ताई आणि मी. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना भेटलो की ‘सलाम’ म्हणू लागलो. पाड्यावरची माणसं हसायची, पण जत्रेला सोबत न्यायची.

महिन्यातून एकदा प्रभुभोजन असे, प्रभूने शिष्यांसोबत घेतलेल्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून. पाव मिळणार कुठून? आई तांदळाची भाकरी थापायची, पाळक ती मोडायचे आणि चौघांना एकाच ताटातून तुकडे द्यायचे. प्याल्यात कोकमाचं सरबत. आईला शास्त्रातलं जे काही कळलं ते एवढंच. एका ताटातलं खायचं, म्हणजे पुढे कायम एकत्र राहायचं. स्वर्ग तिला नीटसा कळला नाही, पण ते ताट कळलं. आज मला वाटतं, चौघांत तीच सगळ्यात चांगली वाचक होती.

वडील गेले. पाळकही थकले आणि येईनासे झाले. ताईचं लग्न आटगावच्या, आमच्यासारख्याच एका विश्वासी घरात ठरलं. त्या लोकांची मंडळी वेगळी होती. त्यांच्या पाळकांनी सांगितलं की शिंपडलेल्या पाण्याला बाप्तिस्मा म्हणत नाहीत, माणूस पुरता पाण्याखाली गेला पाहिजे. ताई लग्नाआधी नदीत उतरली. मग आम्हालाही बोलावणं आलं. मला तर हवंच होतं. मी बारावी झालो होतो, शास्त्र हातात घेऊन निळ्या पेन्सिलीने ओळी अधोरेखित करायला शिकलो होतो, आणि पाण्यात उतरल्याचा उल्लेख मला सापडला होता.

आई म्हणाली, “आदीचा खोटा व्हता का रे मंग?”

“खोटा नाय आये, अपुरा.”

“मी बुडाले तं पोरीच्या ताटात जेवाया मिळंल?”

“मिळंल.”

ती लुगड्याचा काष्टा घट्ट करून पाण्यात उतरली. पोहता येत असूनही ती पाळकांचं मनगट दोन्ही हातांनी धरून होती. बाहेर आल्यावर सगळे ‘प्रेज द लॉर्ड’ म्हणाले. तिने ‘सलाम’ म्हटलं आणि जीभ चावली. त्या रविवारी आटगावात ताई, आई आणि मी एका ताटातून भाकर घेतली. आईचा तेव्हाचा चेहरा मी विसरलेलो नाही. विसरता आला असता तर बरं झालं असतं.

पुढे वाशिंदला कारखान्यात नोकरी लागली. खोलीत एकटा राहायचो. चाळीच्या टोकाला एका खोलीत शनिवारी सभा भरायची. तिथले पुढारी, त्यांना वडीलभाऊ म्हणत, शास्त्र असं तोंडपाठ बोलायचे की मी चाटच पडलो. मला वाटलं, आतापर्यंत आपण उंबऱ्यात होतो, आता घरात आलो. खरा दिवस शनिवार, हे तिथे कळलं. पाण्यावर कोणतं नाव उच्चारायचं, हेही तिथेच कळलं. आटगावच्या पाळकांनी जे शब्द म्हटले होते ते चुकीचे होते, म्हणजे ताईचा, आईचा आणि माझा, तिघांचाही बाप्तिस्मा वाया गेलेला होता. मी महिन्याभरात पुन्हा बुडालो. निळी पेन्सिल झिजली, लाल घेतली.

खरं सांगायचं तर मला त्या दिवसांत फार आनंद होत होता. आपण बरोबर आहोत, या आनंदाइतकं चढणारं दुसरं काही मी चाखलेलं नाही. मी सुट्टीला आटगावला गेलो की ताईच्या सासरी शास्त्र उघडून बसायचो. एका रविवारी त्यांच्या सभेत ताट माझ्यापुढे आलं, तेव्हा मी ते हाताने पुढे सरकवलं. सगळ्यांनी पाहिलं. सभा संपल्यावर पाळकांनी विचारलं तेव्हा मी उभा राहून सांगितलं की तुमच्यातल्या एकाचाही बाप्तिस्मा झालेला नाही. ताईच्या सासऱ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पाळकांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की या माणसासोबत कुणी भाकर मोडायची नाही. त्यांच्याकडेही ओळी होत्या. त्यांनीही अधोरेखित केलेल्या होत्या.

ताईची सुट्टी रविवारची, माझी शनिवारची. भावाबहिणीला एकत्र बसायला आठवड्यात दिवसच उरला नाही.

आई पाड्यावरच असायची. मी शनिवारी सभा आटोपून संध्याकाळी घरी आलो की ती एकच विषय काढायची. “तुमी दोघा कधी बसनार?” मी सांगायचो, ताई चुकीच्या मंडळीत आहे. ती म्हणायची, “चुकीच्या घरात नाय ना गेली? तुझीच बहीन हाय.” मी शास्त्र उघडायचो. ती चूल पेटवायला उठून जायची.

म्हशाच्या जत्रेच्या सुमाराला, ऐन थंडीत, ती आपण होऊन म्हणाली, “मला तुझ्या पान्यात ने.” मला वाटलं, आत्म्याने तिला जागं केलं. मी वडीलभाऊंना फोन करून ही साक्ष सांगितलीसुद्धा. तिच्या मनात काय होतं ते नदीच्या काठावर कळलं. सकाळी पाण्यावरून वाफ निघत होती. ती पाऊल टाकण्याआधी मला म्हणाली, “पोरीकडची झाले, आता तुझ्याकडची बी झाले. दोन्हीकडची झाले तं मंग मी मदी बसंन आन् तुमी दोघा दोन बाजूला. बसाल ना?”

मी म्हणालो, “आधी उतर, आये.”

वडीलभाऊंनी तिला पाण्याखाली नेलं, योग्य ते नाव उच्चारलं, वर काढलं. तिचे दात वाजत होते. मी घोंगडी पांघरली. “शालोम,” वडीलभाऊ म्हणाले; त्यांच्याकडचा सलाम तो. आईने माझ्याकडे पाहिलं. “झालं ना रे आता?”

झालं उलटंच. आटगावला बातमी पोहोचली आणि तिथल्या पाळकांनी आईचं नाव मंडळीतून काढलं. आता तिला ताईच्या ताटात जागा राहिली नाही. दोन्ही पोरांना जोडायला म्हणून म्हातारी थंडीत नदीत उतरली आणि होतं ते एक ताटही गमावून बसली. यात मला तेव्हा काही वावगं दिसलं नाही. खऱ्याची किंमत मोजावी लागते, असं मी तिला समजावलं. ती म्हणाली, “तुजं तू बोल. माजी किंमत तू नको सांगू.” तिला इतकं रागावलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

दोन वर्षांनी तिच्या पोटात पाणी झालं. मुरबाडला दाखवलं, शहापूरला दाखवलं, शेवटी डॉक्टर म्हणाले की घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. तिला आवडेल ते काय, हे मला ठाऊक होतं. ताईलाही होतं.

ताई एका बुधवारी दुपारी आली. एकटीच, सासरी बाजाराला जाते म्हणून सांगून. पिशवीतून तिने फडक्यात गुंडाळलेली तांदळाची भाकरी काढली आणि बाटलीतून आणलेलं कोकमाचं सरबत. मी कारखान्यातून रजा घेऊन घरीच होतो. ती माझ्याकडे न बघता बोलली, “आयेला प्रभुभोजन देऊ या. तिघांनीच. तिकडं कोनाला सांगायचं नाय, तुज्याकडं बी नाय.”

ताईने केवढा धोका पत्करला होता, हे मला त्या क्षणी कळत होतं. कळत होतं आणि तरी माझ्या डोक्यात एकामागून एक ओळी उभ्या राहात होत्या. आज बुधवार. बाईने भाकर मोडायची नाही. तिचा बाप्तिस्मा खरा नाही. अयोग्य रीतीने खाईल तो स्वतःवर दंड ओढवून घेईल. मी हे सगळं बोललोही, हळू आवाजात, आईला ऐकू जाणार नाही अशा बेताने.

तिला ऐकू गेलं. ती भिंतीला टेकून उठून बसली. ताईच्या हातातून भाकरी घेतली, ताटात ठेवली आणि स्वतःच मोडली. तीन तुकडे. एक आपल्या मांडीवर, एक ताईपुढे, एक माझ्यापुढे.

“पोरा,” ती म्हणाली, “तू मला वाचून दाखवलं व्हतं. त्या जेवनाला दगा देनारा बी बसलेला ना?”

“बसलेला.”

“त्याला हाकलला व्हता?”

“ते वेगळं, आये.”

“हाकलला व्हता का?”

“नाय.”

“मंग खा.”

ताई रडत होती. तिने तुकडा उचलून तोंडात घातला. आई माझ्याकडे बघत राहिली. खा म्हणून तिने दोनदा मान हलवली. मी तुकड्याला हात लावला, खरंच लावला. आईच्या हाताची ऊब होती त्यात. मग मला वाटलं, वडीलभाऊंना काय सांगू? आणि मी उठलो, बाहेर अंगणात गेलो आणि वडिलांनी लावलेल्या शेवग्याखाली उभा राहिलो. आतून कुणी हाक मारली नाही.

परत आलो तेव्हा माझा तुकडा ताटात तसाच होता. आईने आपलाही खाल्लेला नव्हता. “तिघांचं व्हतं,” एवढंच ती म्हणाली आणि आडवी झाली. ताईने ताट उचललं, फडकं झटकलं आणि पाच वाजायच्या आत निघून गेली. आठव्या दिवशी आई गेली. तिसऱ्या बाप्तिस्म्यानंतर तिने भाकर घेतली ती फक्त वाशिंदला, माझ्या शेजारी बसून, ताईवाचून. आणि तीसुद्धा मी हातात दिली म्हणून.

तिला आमच्याच बांधावर पुरलं. आटगावचे लोक उत्तरेकडे उभे राहिले, वाशिंदचे दक्षिणेकडे. दोन प्रार्थना झाल्या. त्यांच्या प्रार्थनेला मी आमेन म्हटलं नाही. ताईने खड्ड्यापलीकडून माझ्या ओठांकडे पाहिलं, तेव्हा ते मिटलेले होते.

त्याला सहा वर्षं झाली. वाशिंदची मंडळी नंतर फुटली. वाद होता की प्याल्यात कोकम चालतं की द्राक्षाचाच रस हवा. तो वाद मीच काढला होता. मी शास्त्राप्रमाणे बरोबर होतो आणि माझ्यासोबत जे चौघं बाहेर पडले, ते वर्षभरात आणखी कशावरून तरी माझ्यापासून बाहेर पडले. आता मी कोणत्याच सभेला जात नाही. मागच्या वर्षी ताईला फोन केला होता. म्हटलं, ये एकदा, भाकर मोडू. ती म्हणाली, “आता राहू दे रे. आये असती तं आले असते.”

सुट्टीच्या दिवशी मी पाड्यावर येतो आणि अजूनही वाचतो. दुसरं काही मला येत नाही. एका शनिवारी त्या जेवणाच्या पानावर आलो. पान लाल-निळ्या रेघांनी भरलेलं, तरी एक ओळ कोरी राहिली होती. दगा देणाऱ्याला कुणी हाकललं नव्हतं, हे मला आधीपासून माहीत होतं. तो तुकडा घेऊन आपण होऊन उठला आणि बाहेर गेला, असं त्या कोऱ्या ओळीत होतं. त्याने निदान तुकडा तरी घेतला होता.

मी त्या दिवशी भाकरी थापली. पितळी ताटात ठेवली, मोडली. तीन तुकडे केले आणि बसून राहिलो. प्रभुभोजन एकट्याने घ्यायचं नसतं, निदान दोघं-तिघं तरी जमलेले हवेत, असं मी वाशिंदला कितीतरी जणांना शिकवलं होतं. ओळी दाखवून शिकवलं होतं. संध्याकाळी ती भाकरी मी शेजारच्या कोंबड्यांना घातली.