कंपनीचा रॉड

आमच्याकडे 'कंपनीचा' म्हणजे अस्सल. बाकी सगळं डुप्लिकेट. तो डुप्लिकेट मालही कुठल्या तरी कंपनीतच तयार होतो, हे कोणी धरत नाही. या शब्दाच्या आड मी सहा वर्षं लपलो.

चिखलीत माझं छोट्या पेट्रोल इंजिनांच्या दुरुस्तीचं दुकान आहे. सहा वर्षांपूर्वी जानेफळचा एक शेतकरी, माझ्याच वयाचा, डवरणीचं, म्हणजे पिकाच्या ओळींतलं तण काढायचं पॉवर विडर घेऊन आला. इंजिनातला रॉड, म्हणजे पिस्टनला फिरत्या दांड्याशी जोडणारा तुकडा, गेला होता. माझ्याकडे होता तो नकली इंजिनाचा. त्याचा जुना अस्सल आणि हा, दोन्ही शेजारी ठेवले. माप तंतोतंत. पण तळहातावर नकली हलका लागला, कडा खरखरीत, आणि बोल्ट आवळताना हाताला भरवसा वाटेना. अस्सल मागवायला चार दिवस लागले असते. मी मात्र आधीच बोलून बसलो होतो, संध्याकाळी घेऊन जा. दुसरीकडे होत नाही ते माझ्याकडे होतं, ही मिजास.

"कंपनीचाच टाकला ना भाऊ?" त्यानं विचारलं.

"हाव, कंपनीचाच."

महिनाभरात यंत्र परत आलं. रॉड तुटून इंजिनाच्या पोटाला भोक पाडून गेला होता. या वेळी त्याची बायको सोबत होती. यंत्र तीच चालवायची. गावातल्या बायांत ती एकटीच. तो म्हणाला, हिनं तेल न पाहताच चालू केलं असेल. ती म्हणाली, पाहिलं होतं. मी इंजिन खोललं. तेलावाचून रॉड गेला की घासलेली जागा काळीनिळी पडते. ही लख्ख होती. बोल्टच तुटला होता.

"तेलच नसंल ना?" त्यानं पुन्हा विचारलं.

मी हो म्हणून मान हलवली. तिच्याकडे न बघता म्हणालो, "वहिनी, तेल पाहत जा."

त्यानं नवं इंजिन बसवून घेतलं, पण तिला यंत्राला हात लावू दिला नाही. दुकानात आला की चारचौघांत सांगायचा, आमच्या घरची मेकॅनिक फेल झाली. लोक हसायचे. मीही.

गेल्या महिन्यात जानेफळला त्यांच्या घरी गेलो. ओसरीत दोघंही होते. नकली रॉड, लख्ख जागा, हलवलेली मान, सगळं सांगितलं. तो तिला म्हणाला, उद्यापासून तूच चालव.

"आता मले नाही चालवनं," ती म्हणाली. मग मला, "तवाच काऊन नाही सांगतलं?"

खरं तेच बोललो. "दुकानाचं नाव गेलं असतं."

"अन् माह्यं?"

मी निघालो. चहा घेऊन जा, असं कोणी म्हणालं नाही.