बेटावरची मोकळी जागा

आमची आत्या बोटींवर टाकायच्या ताडपत्र्या शिवायची. मशीन खिडकीपाशी होतं. खिडकीतून बंदर दिसे, आणि बंदराच्या मधोमध ते बेट.

बेटावर आता कुणी राहत नाही. पूर्वी जहाजांवरच्या आजारी खलाशांना तिथे उतरवत. पुढे साथीच्या रोग्यांचा दवाखाना झाला. आत्याचा एकुलता एक मुलगा लहानपणी घटसर्पाने तिथेच गेला. साथीत आईलासुद्धा बेटावर सोडत नसत. पुरल्यावर निरोप आला. नंतर दवाखाना बंद पडला, छपरं वाऱ्याने उडाली, भिंतींत सरडे राहायला आले आणि आवारभर निवडुंग माजला.

आतोबा बंदरखात्यात होते. बोटींना लांबून दिसावेत म्हणून बेटाचे खडक दरवर्षी चुन्याने रंगवायचे, हे त्यांचं काम.

"लोक सरकारला चुना लावतात, आमचे हे बेटाला लावतात," आत्या म्हणायची.

त्या निमित्ताने बापाची लेकाजवळ खेप व्हायची. खात्याच्या बोटीत बाईमाणसाला मात्र बंदी. आत्या जन्मात एकदाही तिथे गेली नव्हती.

आतोबा निवृत्त होताना साहेबांनी परवानगी दिली, की उन्हाळ्यात एक दिवस बायकोला घेऊन जा. शेवटच्या रंगकामाला गेले तेव्हा आतोबांनी लेकाला पुरलं तिथल्या दगडाभोवतीचा निवडुंग मुळासकट उपटला, काटे वेचले, वर बारीक वाळू पसरली. हात पार सोलवटले होते.

"बसता येईल तुला आता. ऐसपैस," ते म्हणाले.

"हातांना तेल लावा आधी. आलेत मोठे माळीबुवा," आत्या म्हणाली आणि तोंड फिरवून रडली.

जायच्या दिवशी तिने मलाही बरोबर घेतलं. नावेत माझ्या कानाशी लागून म्हणाली, "त्याच्याशी काय बोलू गं? ओळखेल का मला?" मी मनात देवाचं नाव घेत राहिले.

आम्ही चढ चढून वर गेलो आणि पांढऱ्या पाखरांचा थवाच्या थवा ओरडत उठला. त्या वाळूवर पाऊल ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे ठिपक्याठिपक्यांची अंडी पडलेली.

"कुररी आहेत या," मागून नाववाला म्हणाला. "घरटं बांधायचा कंटाळा. मोकळी वाळू दिसली की तिथेच घालतात अंडी. एरवी इथे एक दिसत नव्हती, काकू. कुणीतरी जागा साफ केलीय."

 आतोबा एकदम वाकून अंडी बाजूला करायला लागले. आत्याने त्यांचा सदरा धरला.

"अहो, नको."

"एवढी वाट करतो. दगडापर्यंत."

"नको म्हणते ना!"

"काकू, लवकर काय ते ठरवा," नाववाला म्हणाला. "पाखरं उठली की अंडी उन्हात शिजतात."

आत्याने वर पाहिलं. पाखरं डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. दगड समोरच असणार, पण मला तो दिसला नाही, आणि तिलाही दिसला नसावा.

"चला," ती म्हणाली. "त्यांना खाली येऊ द्या."

नावेत आतोबा हुंदके देत होते. "मीच केलं गं ते. माझ्या हातांनी." आत्याने त्यांचा हात मांडीवर घेतला. ती रडली नाही. मला त्याचीच भीती वाटली.

पाखरांसाठी म्हणून खात्याने बेटावर उतरायलाच बंदी केली. आतोबा अर्ज करणार होते. आत्या म्हणाली, "राहू द्या. तिथे आता कुणाचा पाय पडणार नाही." पुढच्या उन्हाळ्याआधीच ती गेली.

आतोबा अजून मला विचारतात, "काटे काढले नसते तर बसली असती ना गं ती?"

 मी जेवायला वाढते. दोन घास खातात आणि ताट सरकवतात.