आमच्या घरचा कडू घास

आमच्या भाऊबंदांत अजून सांगितले जाते की, वडील वारले तेव्हा आमच्या घरात दाणा नव्हता आणि आम्ही शेजाऱ्यांच्या भाकरीवर जगलो. हे साफ खोटे आहे. ज्वारीची कणगी भरलेली होती. मरण आलेल्या घरात त्या दिवशी चूल पेटवायची नाही, कडू घास शेजाऱ्यांनी आणायचा, ही आमच्या येरमाळ्याकडची रीत हैदराबादेत वाढलेल्या चुलतभावाला ठाऊक नव्हती. त्याने परक्या भाकरी पाहिल्या आणि दारिद्र्य समजला.

भाकरी मात्र खरोखरच पुष्कळ आल्या. दर उन्हाळ्यात वडील आमची विहीर साऱ्या गल्लीला मोकळी ठेवत. निजामी राजवटीच्या त्या अखेरच्या वर्षी हिंदू-मुसलमान एकमेकांच्या दारात जायला भीत होते. तरी पलीकडच्या मुसलमान विणकराची म्हातारी आई पदराखाली भाकरी झाकून आली. माझ्या आईसमोर बसून म्हणाली, "खा बेटी. तुझ्या मालकाच्या पाण्यावर आमचं घर जगलं. तू खाल्ल्याबिगर म्या उठत न्हाय." आईने घास घेतला आणि तेव्हाच ती प्रथम रडली.

पुढे मी कमावले, धाराशिवात माडी बांधली. गेल्या वर्षी पत्नी गेली. दाराशी मोटारी लागल्या, माणसे उभ्याउभ्या भेटून गेली. संध्याकाळी कडू घास खाणावळीतून मागवावा लागला.

आमच्या घरात दाणा नव्हता, असे त्या दिवशी मात्र कोणी म्हटले नाही.