बंद माइकसमोरचा तास

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही ठेवायची इच्छा नाही. मी अकोल्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की पहिली टिंगल माझीच असते. तरी लिहितोय... कारण हे डोक्यातून जात नाही.

लॉकडाऊनचं वर्ष. मी अमरावतीच्या फ्लॅटमध्ये एकटा अडकलेलो, बायको-मुलं यवतमाळला तिच्या माहेरी. ऑनलाइन शिकवण्यात मी स्वतःला उस्ताद समजायचो. दहा-दहा मिनिटांच्या ऑडिओ फाइल्स आधीच ग्रुपवर, खेड्यातल्या नेटवर ताण नको म्हणून सगळ्यांचे कॅमेरे बंद. चॅटसुद्धा बंद, कारण पोरं त्यात गुड मॉर्निंगची फुलं टाकत बसायची. बाकीच्या प्राध्यापकांना ट्रेनिंगही मीच दिलं होतं.

त्या सोमवारी सकाळी कपाशीच्या पानांवरचे रोग शिकवत होतो. बोलता बोलता गाडी घसरली. दोन आठवड्यांपूर्वी असाच तास सुरू असताना वडिलांचा फोन आला होता, मोझरीजवळच्या आमच्या गावाहून. मी कापला. संध्याकाळपर्यंत वडील गेले. फोन कापल्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी समोरच्या काळ्या चौकोनांना सांगून टाकलं... का, माहीत नाही.

तास संपवताना पाहिलं तर माझा माइक पहिल्यापासून म्यूट! रेकॉर्डिंग तपासलं, त्यातही चकार शब्द नाही. पोरांना विचारलं, तर प्रत्येकाला वाटलेलं की आपलंच नेट गेलं. सरांची चूक असेल हे एकाच्याही मनात आलं नाही. मला लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं. तो तास मी पुन्हा घेतलाच नाही.

लॉकडाऊन सैल झाल्यावर, परीक्षेआधी हजेरीची यादी करायला बसलो. मूर्तिजापूरकडची सुमैया नावाची मुलगी त्यात बसत नव्हती. लॉगमध्ये, म्हणजे तासाला कोण जोडलं गेलं त्या नोंदीत, तिचं नाव जेमतेम दोन-चारदा. यादीतून गळाली असती तर परीक्षा नाही, वर्ष वाया, आणि घरचे पुन्हा शिकू देतील याचा भरवसा नव्हता. फोनवर ती म्हणाली की अब्बांच्या फोनवर ती रोज तास ऐकायची, हवं तर वही दाखवते. सगळेच असं म्हणतात. मी चिडून तिला वही घेऊन कॉलेजात बोलावलं.

वहीत तो सोमवार होता. लाल्या, दहिया, सगळे रोग क्रमाने. आयत्या वेळी सुचलेलं करपलेल्या भाकरीचं उदाहरणही. आणि खाली एक ओळ — सरांनी वडिलांचा फोन कापला, हे परीक्षेला येणार नाही.

हे कुठे ऐकलंस म्हणून विचारलं.

"फोनवरच, सर. बाकी दिवशी तुमचा आवाज तुटून राहायचा. त्या दिवशी लय साफ आला."

मग पुढचं का नाही लिहिलं, मी विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "तुमी रडून राहिले होते. मले ऐकणं बरं नाही वाटलं, सर. मंग मी फोन बंद केला."

मी रडलो होतो. दारं-खिडक्या लावून, बंद माइकसमोर.

लॉग पुन्हा काढला. त्या दिवशीच्या यादीत तिचं नाव नव्हतंच, तिच्या अब्बांचंही नव्हतं. कॉम्प्युटर लॅबवाल्याला विचारलं, तर तो हसला. म्यूट असेल तर आवाज तुमच्या लॅपटॉपच्या बाहेर जातच नाही, म्हणाला. अजूनही कधी कधी जुनं रेकॉर्डिंग लावून, कानाला हेडफोन घट्ट दाबून ऐकत बसतो. काही नाही.

सुमैयाची हजेरी मी पूर्ण लावली. विभागप्रमुखांनी विचारलं, आधार काय? मी म्हटलं, मुलगी तासाला होती, जबाबदारी माझी, आणि सही केली. नाव नसताना ती तासाला कशी होती, हे त्यांनी विचारलं नाही.