वाघदरीच्या रिठीवरची शिदोरी

भैयाजी देवी टोचायला सायकलवर जायचा. आर्वीच्या बाजूची डोंगरकडेची गावं त्याच्याकडे होती. नालवाडीहून सकाळी निघायचं, मुक्काम करत लस टोचत फिरायचं आणि आठवड्याने घरी यायचं. मुलांचे दंड धरायला लोक त्याला अंगणात बोलवत, पण तहान लागली म्हटल्यावर विहिरीकडे कोणी बोट दाखवत नसे. नोकरी सरकारी असली तरी जात गावाला माहीत होती. म्हणून भैयाजीचं खाणंपिणं घरूनच जायचं.

ते बांधून द्यायची त्याची मोठी बहीण अनुसयाबाई. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी ती विधवा होऊन माहेरी आली होती. चणे आणि गहू वाळूत भाजून जात्यावर दळायची, त्यात सुंठ घालायची आणि गुळाच्या पाकात सातूचे लाडू वळायची. लाडू असे घट्ट की सायकलच्या धक्क्यांनी फुटत नसत. सोबत ज्वारीच्या लाह्या आणि जवसाची चटणी. उन्हाळ्यात चुलीत भाजलेल्या कैरीचं पन्हं, इतर दिवसांत चिंचेचं पाणी. ते कॅनव्हासच्या छागलीत भरून दांडीला टांगलं की वाऱ्याने गार व्हायचं.

"चढावावर उपाशीपोटी सायकल हाणू नोको," ती प्रत्येक वेळी बजावायची. "आंदी खाजो, मंग चढजो."

चढाव लागायचा तो वाघदरीच्या रिठीपाशी. रीठ म्हणजे उजाड झालेलं गाव. आजोबांच्या काळात पटकीच्या साथीत वाघदरी रिकामी झाली, ती पुन्हा वसली नाही. मातीच्या भिंतींचे ढिगारे, एक पडकं देऊळ आणि रस्त्याला लागून आंब्याचं मोठं झाड, एवढंच उरलं होतं. गुराखीसुद्धा तिकडे गुरं नेत नसत. भैयाजीला मात्र ती जागा सोयीची होती. तिथे त्याला जात विचारणारं कोणी नव्हतं.

चैत्रातल्या एका दुपारी तो आंब्याखाली जेवला आणि आडवा झाला. जाग आली तेव्हा उन्हात एकही पाखरू बोलत नव्हतं. शिदोरी उशाशी तशीच होती, पण तिची गाठ वेगळी होती. अनुसयाबाई दोन पदर ओढून करकचून गाठ मारायची. ही गाठ सैल आणि चपटी होती, टोकं आत खोचलेली, बायका बाळाची झोळी बांधतात तशी. आतला एक लाडू कमी होता.

माकडं असतील, असं तो स्वतःशी म्हणाला खरा, पण माकड गाठ सोडेल, बांधेल कशाला? त्या दिवशी त्याने चढावावर उतरून सायकल ढकलली नाही. दम लागेपर्यंत पायडल मारत राहिला आणि मागे वळून पाहिलं नाही.

पुढच्या खेपेलाही तसंच झालं. त्याच्या पुढच्या खेपेलाही. कधी छागल हलकी झालेली असायची. गाठ मात्र दर वेळी तीच, चपटी आणि नीटनेटकी. भैयाजीने घरी काही सांगितलं नाही, फक्त लाडू जास्त मागितले.

"काऊन? इतके दिवस पुरत होते ना?" अनुसयाबाईने विचारलं.

"भूक लागते, बाई."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि परातीत आणखी पीठ ओढलं.

शेवटी एकदा त्याने झोपेचं सोंग घेतलं. उपरणं तोंडावर ओढून फटीतून पाहत राहिला. बराच वेळ काही नाही. मग वाळलेली पानं वाजली. देवळाच्या बाजूने फाटकं लुगडं गुंडाळलेली एक बाई बसत-सरकत आली. तिने दातांनी गाठ ओढून सोडली आणि दोन्ही तळव्यांमध्ये लाडू धरून उचलला. तिला बोटं नव्हती.

"भिऊ नोको," भैयाजी उठून बसत म्हणाला.

ती जागीच आक्रसली. "मारू नोको, दादा. जातो मी."

"मारत नाई. बस. पन्हं पी."

त्याने छागल तिरपी करून तिच्या तळव्यांत धार धरली. ती घटाघटा प्यायली. तिचं नाव धुरपता. पलीकडच्या गावची. अंगावर चट्टे उठले, बोटं झडायला लागली, तेव्हा नवऱ्याने बैलगाडीत घालून तिला देवळापाशी सोडलं होतं. बोरं, मोहाची फुलं असं जे मिळेल त्यावर ती जगली होती. हा रोग भैयाजीने जवळून पाहिला होता. नालवाडीशेजारीच त्या रोग्यांचा दवाखाना होता, आणि आता त्यावर औषध निघालं होतं.

"म्हंजे लाडू तूच नेत होती," तो हसून म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला होता. "मी मले येडा समजत होतो. अन् गाठ बी तूच बांधत होती."

धुरपताने तळवे त्याच्यासमोर धरले. "या हातानं गाठ बसते का, दादा?"

भैयाजीचं हसू तसंच राहिलं. "मंग कोन बांधते?"

तिने आंब्याच्या बुंध्याकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. "थे बांधते."

"थे कोन?"

"मले का मालूम! मी आली तवापासून आहे. ताप चढला का पानी पाजते. तोंड नाई दिसत तिचं. हात वल्ले रायते."

भैयाजीने गाठ न मारताच शिदोरीची टोकं हँडलला अडकवली, धुरपताला कॅरिअरवर बसवलं आणि सायकल हाताने ओढत निघाला. निघताना ती झाडाकडे तोंड करून म्हणाली, "जातो वं." शेजारणीला सांगावं तसं. सडकेवर दवाखान्याच्या बाजूला जाणारी एक बैलगाडी मिळाली. गाडीवानाने अंतर ठेवून का होईना, तिला मागे बसू दिलं. तिला पाणी द्यावं म्हणून भैयाजीने शिदोरीखालच्या छागलीला हात घातला आणि थांबला. शिदोरी बांधलेली होती. चपटी गाठ, टोकं आत खोचलेली.

घरी येऊन त्याने बहिणीला सगळं सांगितलं. अनुसयाबाईने ऐकून घेतलं आणि तेव्हापासून ती त्याच्या शिदोरीसोबत एक लहान पोटली वेगळी बांधायला लागली. ती तो आंब्याखाली ठेवून पुढे जायचा. आता तिथे झोपत मात्र नसे.

छप्पन साली दसऱ्याला दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. भैयाजी सायकलनेच गेला, वाटेत तेच लाडू खात. परत आल्यावर म्हणाला, "बाई, आता भूतखेत मानाचं नाई. थे पोटली बंद करू."

"भूत मी बी नाई मानत," ती म्हणाली. "पन भुकेल्याले देनं कोनी मना केलं का?"

पुढे त्याची हिंगणघाटकडे बदली झाली आणि वाघदरीचा रस्ता आपोआप सुटला. धुरपता दवाखान्यात बरी झाली. तिला न्यायला कोणी आलं नाही, म्हणून अनुसयाबाईने तिला घरी आणलं. वस्तीत कुरकुर झाली. ती दोघांनी ऐकली आणि सोडून दिली.

एका उन्हाळ्यात भर दुपारी भैयाजीला दारातून बोलणं ऐकू आलं. धुरपता उंबऱ्याशी उभी राहून हलक्या आवाजात कोणाला तरी काही समजावत होती. तो बाहेर आला. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी होती. मातीवर ऊन नाचत होतं.

"कोनाशी बोलून राह्यली?"

"थे आलती," धुरपता म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "इचारत होती, दादा आता त्या रस्त्यानं काऊन येत नाई."

भैयाजीने गल्लीकडे पुन्हा एकदा पाहिलं. आतून अनुसयाबाई म्हणाली, "मंग जाऊन ये ना."

रविवारी तो गेला. लाकूडतोड्यांनी आंबा तोडला होता, सावलीच उरली नव्हती. तो उन्हात बुंध्यापाशी बसला, अर्धे लाडू खाल्ले, अर्धे तिथेच ठेवले. छागलीतलं उरलेलं पन्हं मुळावर ओतलं. मातीने ते झटक्यात पिऊन घेतलं. वारा नव्हता, कुठे काही हललं नाही. मग "येतो मी," एवढं म्हणून तो सायकलवर बसला.

धुरपता त्यानंतर पुष्कळ वर्षं त्या घरात राहिली. दारात उभी राहून कोणाशी बोलताना ती पुन्हा दिसली नाही.